दारातला वारा

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोनवर सारा दिवस सांगत होतीस, आणि मी मध्येच बोललो, त्यानंतर तुझा आवाज उतरला हे माझ्या लक्षात आले. फोनवर आपल्या दोघांचे नेहमी असेच होते, म्हणून लिहायला बसलो आहे. शहराच्या अवघ्या काही दिवसांच्या ओळखीवर तू एकटीने मुंबई पाहायला निघालीस, याचा मला आनंदच झाला. परत येताना चर्चगेटपासून अंधेरीपर्यंत तू लोकलच्या दारात उभी होतीस, एवढीच गोष्ट मनातून जात नाही. पण ते नंतर लिहीन. आधी तुझ्या दिवसाविषयी.

हार्बरच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर तू घाईने पुढे गेली नाहीस, रस्ता ओलांडून समोर जाऊन उभी राहिलीस आणि इमारत नीट पाहिलीस, हे मला फार आवडले. लाखो माणसे तिथून रोज ये-जा करतात, पण गाडी गाठायची असते, मान वर कोण करणार! घुमटावरच्या स्त्रीच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक आहे, फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, हे तू स्वतः टिपलेस. 1878 साली सुरू झालेले ते काम पुरे व्हायला दहा वर्षे लागली. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केला खरा, परंतु त्यावरचे पुष्कळसे कोरीवकाम इथल्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे, ही गोष्ट मला त्या इमारतीइतकीच मोठी वाटते.

ओव्हल मैदानाबद्दल तू जे सांगितलेस ते मी आईला दोनदा ऐकवले. मैदानाच्या मधोमध उभे राहिले की एका अंगाला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी उंच, टोकदार, दगडी रांग, आणि दुसऱ्या अंगाला गोलाई घेतलेल्या सज्जांची, साधारण साठ वर्षांनंतरची घरे. जणू दोन काळ समोरासमोर उभे आहेत, असे तू म्हणालीस. या दोन्ही रांगांना मिळूनच 2018 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. तो फलक न वाचता तुझ्या डोळ्यांना हे दिसले, याचा मला किती अभिमान वाटला ते फोनवर सांगायचे राहून गेले. हुतात्मा चौकात थांबलीस तेही बरे केलेस. आजोबा असते तर त्यांनी तुला समोर बसवून पुन्हा पुन्हा विचारले असते.

आता दाराविषयी. 2025 च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ काय घडले ते तू वाचले असशील. वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसे खाली पडली, त्यांतली काही गेली. तू म्हणशील की मी लटकले नव्हते, खांब धरून आत उभी होते आणि रविवारची गर्दीही फारशी नव्हती. मान्य आहे. पण दारातल्या माणसाच्या हाती सगळे नसते. दादरला आत घुसणारे आणि बाहेर पडणारे एकाच क्षणी जोर लावतात, आणि मधल्या माणसाला कोणत्या बाजूला जायचे ते विचारत नाहीत.

मी भाऊकाकांकडे राहून लोअर परळला कामाला जात होतो, तेव्हा आमच्या डब्यात एक मुलगा असे. नाव मला कधी कळले नाही. रोज दारातच उभा राहायचा, आणि उन्हाळ्यात आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. एका सकाळी रुळांलगतच्या खांबाचा आवाज झाला आणि दार रिकामे दिसले. त्याची पिशवी वर फळीवर तशीच होती. पुढच्या स्टेशनावर कोणीतरी ती खाली काढून पोलिसांकडे दिली. पिशवीवर निळ्या दोऱ्याने एक अक्षर भरलेले होते, बहुधा घरच्याच कोणीतरी. हे मी तुझ्या आईला आजवर सांगितलेले नाही, तूही सांगू नकोस.

हे वाचून तू घाबरावेस असा हेतू नाही. एसटीत दारालगतच्या जागेसाठी हट्ट धरणारी, घाटात काच सरकवून तोंड बाहेर काढणारी मुलगी तू. वारा तुला आवडणारच. तेव्हा मी तुझा फ्रॉक मागून मुठीत धरून बसत असे, आणि तुला ते कळतही नसे.

तरी काही गोष्टी लिहून ठेवतो. अंधेरीला उतरायचे असेल तर विरारची जलद गाडी धरू नकोस, पुढे जाणाऱ्यांच्या गर्दीतून उतरणे कठीण होते; बोरिवलीची धर. वांद्रे सुटले की उठून दाराकडे सरकायला लाग, त्याआधी नको. बायकांच्या डब्यात कोणी ‘कुठे उतरणार?’ असे विचारले तर बिचकू नकोस, तुझी जागा पुढे कोणाला मिळेल एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. रविवारी रुळांच्या कामासाठी कुठे गाड्या बंद, म्हणजे मेगाब्लॉक आहे ते शनिवारीच पाहून ठेवावे. वातानुकूलित लोकल मिळत असेल तर तीच घ्यावी. 2017 पासून पश्चिम रेल्वेवर त्या धावतात आणि त्यांची दारे आपोआप बंद होतात. दोन पैसे जास्त पडतील, ते मी पाठवीन, त्यावर वाद नको.

पुन्हा पाठ घेतल्यासारखे झाले, राग मानू नकोस. तू नोकरी करणारी, स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी मुलगी आहेस, आणि तुला हे शहर असेच पायी फिरून कळावे ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पुढच्या खेपेस एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बस आणि तिथून पुढे बॅलार्ड इस्टेटपर्यंत चालत जा. सुटीच्या दिवशी ते रस्ते शांत असतात. रात्री फोन कर. मी मध्ये बोलणार नाही. फक्त परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली होती का, एवढे विचारीन.

तुझा,
बाबा

ता. क. नंदामावशीचा निरोप आहे की तुझ्या ब्लाउजच्या मापाची चिठ्ठी तिच्याकडेच राहिली आहे. ती हवी असल्यास पोस्टाने पाठवते, की तू येशील तेव्हा देऊ, ते कळव.