जिप्सीच्या वायरिंगमागचे तीन हात

माझी जुनी, कार्बोरेटरवाली एक लिटरची मारुती जिप्सी. तिच्यात १३०० सीसीचं एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं, इंजिन बसवायला घेतलं. माउंटिंग, गिअरबॉक्स ही लोखंडाची कामं, ती उरकली. वायरिंगने मात्र घाम काढला.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातल्या चाचांनी हार्नेस, म्हणजे इंजिनाच्या वायरींचा जुडगा, देताना कटर बाजूला ठेवला आणि एकेक प्लग खटका दाबून हाताने सोडवला. "कापलं तर रडशील," एवढंच म्हणाले. खरंच रडलो असतो.

गाडी सुरू झाली, पण हेडलाइट लावले की आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वरखाली. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा थ्रॉटल सेन्सर बदलला. पैसे गेले, फरक शून्य. शेवटी टपरीवजा दुकानातल्या इलेक्ट्रिशियन काकांनी मीटर लावला. थ्रॉटल बंद असताना या सेन्सरच्या सिग्नलवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसायला हवं; दिवे लावताच आकडा सरकायचा. सेन्सरांची अर्थिंगची वायर मी बॉडीला टाकली होती! ती थेट ईसीयूकडेच, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडेच, परत न्यायची, कारण बॉडीतून दिव्यांचा करंट वाहतो आणि तो व्होल्टेजचा फरक सिग्नलमध्ये मिसळतो. एक वायर, दहा मिनिटं. पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला.

आणि रात्री अकराला फोनवर माझ्याकडून कूलंट सेन्सर (इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणारा) मोजून घेणारे दादा: "गार असताना दोन-अडीच हजार ओहम, तापल्यावर तीनशेच्या घरात." डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या गेजचा एका तारेचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा दोन तारांचा वेगळा, हे तुमच्यामुळे कळलं.

तिघांचेही मनापासून आभार. काका, रविवारी गाडी घेऊन येतोय. चहा परत माझ्याकडून, आणि या वेळी वडापावही.