कोल्हापूर स्टँडवरच्या त्या दोघांचे आभार

जानेवारी 2025 मध्ये कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या शाळेच्या पोरी पहाटे साडेपाचला मैदानावर असतात. तालुका झाला, जिल्हा झाला आणि आम्ही साताऱ्याहून विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला आलो. इथे जिंकलं की थेट राज्य.

स्टँडवर उतरलो, एसटी पुढे निघून गेली आणि लक्षात आलं, पिशवी सीटवरच राहिली. शाळेच्या शिक्क्याची ओळखपत्रं, जन्मदाखले, सगळं त्यात. कागद नाहीत तर मैदानात पाऊल नाही. पोरींना कसं सांगू, तेच सुचेना.

एका कंडक्टरदादांनी माझा चेहरा बघूनच विचारलं, "सर, काय झालं?" त्यांनी फोनाफोनी करून पिशवी कागलला उतरवून घेतली. शेजारी उभ्या तरुणाने मला मोटरसायकलवर तिथवर नेऊन परत आणलं. पेट्रोलचे पैसे काही केल्या घेईना. "माझी बहीण पण खो-खो खेळायची," एवढंच म्हणाला.

उपांत्य फेरीत एका गुणाने हरलो. पण आमची सगळ्यात धाकटी शेवटच्या मिनिटात खांबाला जो सूर मारून गेली, तो तुम्हा दोघांमुळे बघायला मिळाला. घाईत नावं विचारायची राहिली. दादा, मनापासून आभार. साताऱ्याकडे आलात तर शाळेत या, पोरी रोज विचारतात.