तो कॅमेरा घेऊ नकोस

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लेकीसाठी म्हणून तू पाठवलेली त्या स्वस्त फिल्म कॅमेऱ्याची जाहिरात नीट पाहिली. तो कॅमेरा घेऊ नकोस. फोनवर एवढंच सांगता आलं असतं, पण लेकीचा वाढदिवस तोंडावर आलाय आणि किंमत बघून तुला मोह होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरातीत कॅमेऱ्याच्या डोक्यावर मधोमध उंचवटा दिसतो, बघ. खऱ्या एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, त्या उंचवट्याखाली काचेचा प्रिझम असतो. लेन्समधून आलेलं दृश्य आरशावरून त्यात जातं आणि तिथून आपल्या डोळ्याला दिसतं. म्हणजे जे दिसतं तेच फिल्मवर उतरतं. एसएलआरच्या या नकलेत तो उंचवटा पोकळ आहे. ना आरसा, ना प्रिझम. आरपार बघायची एक खिडकी, बस्स. '50 मिमी ऑप्टिकल लेन्स' असं ठसठशीत छापलेलं आहे, पण लेन्स म्हटली की ती ऑप्टिकलच असणार, त्यात सांगण्यासारखं काय आहे? बाहेरची कडी भली रुंद, आतलं भिंग नखाएवढं आणि प्लास्टिकचं.

सगळ्यात चीड मला वजनाची येते. रावपुऱ्यात जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी असाच एक कॅमेरा माझ्यासमोर उघडला. तळाशी लोखंडाची पट्टी चिकटवलेली होती. कुठल्याही यंत्रणेचा ती भाग नाही, हाताला जड लागावं एवढंच तिचं काम. पट्टी काढून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, तर रिकाम्या साबणाच्या डबीसारखा लागला. बनवणाऱ्याने चार पैसे जास्त घातले ते भिंगावर नाही, घेणाऱ्याचा हात फसवण्यावर!

आता तो 'फोकस-फ्री' प्रकार. याचा अर्थ फोकस आपोआप होतो असा नाही, तो हलवताच येत नाही असा आहे. 50 मिमीची लेन्स, प्रकाश आत येण्याचं छिद्र मध्यम (एफ/8) धरलं आणि फोकस जास्तीत जास्त सोयीच्या जागी पक्का करून ठेवला, तरी साधारण पाच मीटरच्या अलीकडचं सगळं कमीजास्त पुसट येणार. जाहिरातीत मात्र एका मुलीचा चेहरा अगदी जवळून लख्ख आणि मागची झाडं मऊ धूसर दिसताहेत. या कॅमेऱ्याने तो फोटो निघूच शकत नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी कॅमेऱ्याचा आहे. एवढ्या एका गोष्टीवरून विकणाऱ्याची नियत कळते.

शटरचीही तीच गत. एकच वेग, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. भर उन्हात निभावतं, कारण रंगीत निगेटिव्ह थोडा जास्तीचा प्रकाश सहन करते. संध्याकाळ झाली की संपलं. आमच्या शेजारच्या मुलाने खाऊचे पैसे साठवून असा कॅमेरा मागवला आणि नवरात्रात गरब्याला घेऊन गेला. आपल्याकडचा गरबा तुला माहीत आहे, केवढा जीव ओतून त्याने रोल संपवला असेल! धुऊन आला तर जवळजवळ कोरा. मला म्हणाला, "काका, मला नाही जमत हे." त्याला खूप समजावलं, पण त्याने कॅमेरा कपाटात टाकला तो टाकलाच. पैसे गेले त्याचं मला एवढं वाटत नाही. चौदा वर्षांच्या पोराला वाटलं की खोट आपल्यात आहे, हे मला सहन होत नाही. तुझ्या लेकीच्या बाबतीत हे व्हायला नको.

ही फसवणूक जुनीच आहे. 'कॅनोमॅटिक', 'ऑलिंपिया' अशा बड्या कंपन्यांची आठवण करून देणाऱ्या नावांचे असले कॅमेरे मागच्या शतकातही विकले जात. हल्ली फिल्मची हौस परत आली, तशी जुनी युक्तीही नव्या वेष्टनात परतली.

आणि स्वस्त म्हणजे वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. आगफाचा क्लिक थ्री आठवतो ना? भारतात तो आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार व्हायचा. त्याचंही अंग प्लास्टिकचंच. 120 ची फिल्म, बारा चौकोनी फोटो, करामती जवळपास नाहीतच. पण आपण कोण आहोत हे त्याने कधी लपवलं नाही. काय जमतं आणि काय नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असायचं, म्हणून लोक उन्हात उभे राहून फोटो काढायचे आणि ते चांगले यायचे. कितीतरी घरांतल्या मुंजी-बारशांचे फोटो त्याचे आहेत. हाँगकाँगचा होल्गाही तसाच, 1980 च्या दशकातला, फोटोचे कोपरे काळवंडणारा. त्याचे दोष माहीत असूनही लोक तो हौसेने घेतात.

तुझी लेक आपल्या बडोद्याचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांचे फोटो पाहून फिल्मकडे वळली, असं तू लिहिलंस. गावोगावच्या लिंपलेल्या भिंती, त्यांवरची चित्रं, रांगोळ्या, आणि त्या काढणाऱ्या बायका. ज्या मुलीला हे आवडतं तिला जवळ जायचं असणार, फोकस स्वतः फिरवायचा असणार. तिला जुना, चालू स्थितीतला खरा एसएलआर दे. पेंटॅक्सचा के1000 मिळाला तर उत्तम. 1976 पासून 1997 पर्यंत तो बनत होता, शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त प्रकाश मोजायला लागतो. रशियन झेनिटही चालेल, जरा धसमुसळा आहे पण दणकट.

कुठलाही कॅमेरा घेताना रोल न घालता मागचं झाकण उघड आणि शटर दाबून बघ. वेग बदलल्यावर पडदा उघडा राहण्याचा वेळ डोळ्यांना नि कानाला वेगळा कळला पाहिजे. डोळा लावून लेन्स फिरव, दृश्य स्पष्ट-पुसट होतंय का बघ. होत नसेल तर तिथूनच परत फीर. रंगीत रोल आज हजाराच्या आसपास जातो, वर धुण्याचा आणि स्कॅनचा खर्च. खोट्या कॅमेऱ्यात तो घालणं परवडणारं नाही.

रावपुऱ्यातल्या त्या काकांकडे एक के1000 आलाय, लाइट मीटर तेवढा बंद आहे. त्यांनी मीटर सुरू करून दिला तर मी तो तुझ्यासाठी ठेवून घेतो. तोवर ऑर्डर करू नकोस, आणि बजेट किती ते कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
बडोदेकर