शेवटची इच्छा कपाटात बंद ठेवू नका : मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

अंत्यविधीच्या वेळी घरच्यांना मदत करणाऱ्या आमच्या मंडळाला रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनचं स्वरूप बदललंय. पूर्वी लोक विचारायचे, गाडी मिळेल का, मृत्यूचा दाखला कोण देतं. आता विचारतात, "आई देहदान करा म्हणायची, पण लिहून काहीच ठेवलेलं नाही. काय करू?" मुलगी एक सांगते, मामा दुसरंच सांगतात, आणि हे सगळं आईला ठेवलंय त्याच खोलीच्या दाराशी चाललेलं असतं.

एका घरी तर सगळं आटोपून आठवडा झाल्यावर कागद सापडला. मृत्युपत्राच्या पाकिटात, वळणदार अक्षरात दोनच ओळी : माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, कुणी वाद घालू नये. मुलीनं तो आमच्या कार्यकर्तीच्या हातात दिला आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. तेव्हापासून हे आवाहन लिहायचं मनात होतं.

मृत्युपत्रात लिहिलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण मृत्युपत्र बहुतेक वेळा अंत्यविधी उरकल्यावरच उघडलं जातं. शिवाय त्यातली ही इच्छा कायद्यानं बंधनकारक असेलच असं नाही. इंग्लंडमध्ये हेन्री क्रुकेंडन नावाच्या गृहस्थांनी आपलं दहन व्हावं असं लिहून ठेवलं होतं आणि ते काम एलायझा विल्यम्स या मैत्रिणीवर सोपवलं होतं. घरच्यांनी त्यांना पुरलं. विल्यम्सबाईंनी पुढे देह उकरून काढायची परवानगी मिळवली, तो थेट इटलीत मिलानला नेला आणि तिथं दहन करवलं. खर्च मागायला त्या कोर्टात गेल्या आणि १८८२ मध्ये हरल्या. मृतदेह ही कुणाची मालमत्ता नाही, तेव्हा त्याचं काय करावं हे मृत्युपत्रानं बांधून देता येत नाही, असा निकाल लागला. मित्राला दिलेला शब्द या बाईनं पाळला, आणि कायद्यानं तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं. मला हे वाचताना अजून वाईट वाटतं.

कायदा बदलतच नाही असं मात्र नाही. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, विल्यम प्राइस या वेल्समधल्या डॉक्टरांवर आपल्या तान्ह्या मुलाचं दहन करू पाहिल्याबद्दल खटला झाला. लोकांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. १९०२ मध्ये तिथं दहनाचा स्वतंत्र कायदा आला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०१९ मध्ये देह कुजवून त्याचं खतासारख्या मातीत रूपांतर करण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यावर ज्वाळेऐवजी अल्कलीयुक्त (क्षार मिसळलेल्या) गरम पाण्यात देह विरघळवून अंत्यसंस्कार झाले. पण या नव्या पद्धती अनेक ठिकाणी आजही कायद्यात बसत नाहीत. म्हणून आपण राहतो तिथं काय चालतं आणि निर्णयाचा अधिकार कुणाचा, हे जिवंतपणीच विचारून घ्यायला हवं.

आम्ही इच्छापत्राचा, म्हणजे मृत्युपत्राहून वेगळ्या, फक्त अंत्यविधीची इच्छा लिहायच्या कागदाचा, एक साधा नमुना तयार केलाय. त्यात दुसरा पर्याय लिहायला जागा मुद्दाम ठेवली आहे. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्ग असेल, तर देहदान नाकारलं जाऊ शकतं, आणि ऐनवेळी घरचे कोलमडतात. छातीत पेसमेकर आहे का, हाही रकाना आहे. दहनाच्या उष्णतेत त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो, म्हणून तो आधी काढावा लागतो. दुःखात हे कुणाला आठवणार?

आता मागणं. सगळ्यात मोठी गरज माणसांची आहे. महिन्यातली एक रात्र फोनपाशी थांबणारं, शांतपणे ऐकून घेणारं कुणीही चालेल, शिकवायला आम्ही आहोत. वकील, परिचारिका, नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले कर्मचारी आले तर फारच मोलाचं. पैसेही हवेत : इच्छापत्रं छापायला, आणि लांबचे नातेवाईक पोहोचेपर्यंत देह ठेवायला लागणारी शीतपेटी घ्यायला. ती कुणालाही विनामूल्य मिळेल. देणगी लहान असो की मोठी, पावती मिळेल आणि हिशेब सूचनाफलकावर लागेल. कुणी कुठला विधी करावा यात मंडळ पडत नाही. दफन, दहन, देहदान, ज्याला जे हवं ते त्याला मिळावं, एवढंच आमचं काम.

इच्छापत्र कार्यालयात मिळेल, भरायला अर्धा तास पुरतो. मूळ प्रत घरात सहज हाती लागेल अशी ठेवा, एक आमच्याकडे द्या. आणि येताना, तुमच्यामागे हे सगळं ज्याला करावं लागणार आहे, त्या माणसालाही सोबत घेऊन या.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते