नीळकंठ रथ यांचं नाव का गाळलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकरांवर पानभर लेख आला. असा विषय आपण घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण एवढ्या मजकुरात प्रा. नीळकंठ रथ यांचं नाव एकदाही येऊ नये? १९७१ च्या ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या पुस्तकाचे कर्ते म्हणून ‘दांडेकर व सहकारी’ एवढ्यावर लेखकाने भागवलं आहे. त्या पुस्तकावर नावं दोन आहेत. आमच्या पिढीत ‘दांडेकर-रथ’ हा जोडशब्दच होता, एक नाव सुटं कोणी घेत नसे. ओडिशाचा माणूस पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत येतो, उमेदीची सगळी वर्षं तिथे घालवतो आणि मराठी पेपर त्याला ‘सहकारी’ म्हणून मोकळा होतो, हे मला फार लागलं.

गरीब कोण हे ठरवायचा माणशी रोज २,२५० उष्मांकांचा निकष लेखात आहे. पण त्याच पुस्तकाने पुढे मागितलं होतं की, ज्याला अंगमेहनतीचं काम हवं आहे त्याला ते सरकारने द्यावं. त्याचा मागमूस नाही. रथ सरांनी तो मुद्दा पुढेही सोडला नाही. १९८५ च्या फेब्रुवारीत ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त त्यांनी लिहिलं की, आयआरडीपीत, म्हणजे सरकारच्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात, गरिबाला कर्जाने जनावर देऊन गरिबी हटणार नाही, मजुरीचं काम हाच मुख्य उपाय असायला हवा. तेव्हा देशभर प्रत्येक विकास गटात वर्षाला ६०० कुटुंबांचं लक्ष्य होतं. अशा वेळी हे लिहायला हिंमत लागते.

मी हे सांगतो, कारण ती कर्जं वाटणाऱ्यांत मी होतो. १९८६ साली मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. मार्चअखेर आली की गटविकास कार्यालयातून याद्या यायच्या आणि आठ-दहा दिवसांत सगळी प्रकरणं मंजूर करायची. यादीत एक शेतमजूर बाई होत्या. भूमिहीन, नवरा वारलेला, दोन लहान मुलं. त्या काउंटरपाशी येऊन म्हणाल्या, ‘साहेब, म्हैस नगं. तिला घालू काय? रोजगार हमीचं काम काढा, म्हंजे आठवड्याला पगार तरी हाती पडंल.’ मी त्यांना सबसिडी समजावून सांगितली, एक तृतीयांश माफ, वगैरे. अंगठा घेतला आणि म्हैस दिली. काम काढणं माझ्या हातात नव्हतं, पण नाही म्हणणं होतं, आणि ते मी केलं नाही.

उन्हाळ्यात कडब्याचे भाव चढले, म्हैस आटली, पुढे मेली. विम्याचे पैसे मिळायला जनावराच्या कानातला ओळखीचा बिल्ला कानासकट आणून द्यावा लागे. बाई जुन्या कागदात गुंडाळलेला कान घेऊन आल्या, माझ्या टेबलावर ठेवला. कानाला नुसती फाट होती, बिल्ला केव्हाच गळून पडलेला. दावा नामंजूर झाला. बाई थकबाकीदार ठरल्या आणि १९९० च्या दहा हजारांपर्यंतच्या कर्जमाफीत खातं बंद होईपर्यंत थकबाकीदारच राहिल्या. तोवर दर तिमाहीच्या यादीत त्यांचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं.

रथ सरांचा तो लेख माझ्या हाती पडला तो यानंतर. शाखेतल्या कृषी अधिकाऱ्याने झेरॉक्स आणली होती. वाचताना वाटलं, हा माणूस आमच्या काउंटरपाशी उभा राहून गेला आहे. तसं पाहिलं तर दहा वर्षांत माझ्या कामाबद्दल खरं बोललेला तो पहिला माणूस. १९९९ च्या एप्रिलमध्ये आयआरडीपी गुंडाळून दुसरी योजना आणली, तेव्हाही त्यांचीच आठवण झाली.

दुसरी चूक तर साधी तपासणी केली असती तरी टळली असती. ‘रोजगाराची हमी २००५ च्या केंद्रीय कायद्याने प्रथम मिळाली’ असं लेखात आहे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. ज्या राज्यातल्या बायकांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, त्या राज्यातल्या पेपरात हे वाक्य छापून यावं?

कृपया दोन्ही दुरुस्त्या छापा, आणि त्या आतल्या पानाच्या कोपऱ्यात नकोत. रथ सरांच्या कामावर स्वतंत्र लेख यावा अशी विनंती आहे. लिहिणारे पुण्यात आजही सापडतील. आणि पुरवणीत राखाडी पट्ट्यावर पांढरी अक्षरं छापणं थांबवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माझ्यासारख्याला दांडेकरांवरची चौकट नातवाकडून वाचून घ्यावी लागली.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, लातूर