ब्रेक ऑइल ‘भरले’ म्हणजे बदलले नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळींविषयी आलेला लेख मी आस्थेने वाचला. रंगकाम, क्रोमच्या पट्ट्या, मूळ कापडाच्या गाद्या यांविषयी त्यात भरभरून लिहिले होते; ब्रेकविषयी मात्र एक ओळही नव्हती. ही उणीव केवळ लेखाची नसून आम्हा जुन्या गाडीवाल्यांचीच आहे आणि तिची किंमत मी स्वतः जवळजवळ मोजली आहे, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या वर्षी नाशिकला जाण्यापूर्वी ती मी ठाण्यातल्याच एका गॅरेजमध्ये दाखवली. बिलावर ‘ब्रेक ऑइल बदलले’ असे स्वच्छ लिहिलेले होते आणि बॉनेट उघडून पाहिले तेव्हा ब्रेकच्या छोट्या टाकीतले द्रव मधासारखे नितळ दिसत होते. परतीच्या वाटेवर, चार माणसे आणि सामान घेऊन कसारा घाट उतरत असताना, एका वळणाआधी ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ पडले आणि पुढच्या दाबाला थेट तळाला टेकले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेऊन, हाताचा ब्रेक हळूहळू ओढत मी ती कडेला उभी करू शकलो. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट लागू लागले. ठाण्यात पोहोचल्यावर गॅरेजवाल्यांनी गाडी फिरवून पाहिली आणि ‘ब्रेक उत्तम आहेत, तुम्हाला भास झाला असेल’ असे सांगितले.

तो भास नव्हता. ज्याला आपण सर्रास ब्रेक ऑइल म्हणतो, ते मुळात तेल नाही. बाजारात मिळणारे डॉट ३ आणि डॉट ४ (ही त्याच्या दर्जाची नावे) हे ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांपासून केलेले द्रव असून हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्यांचा स्वभाव आहे. रबरी होज पाइपांतून आणि टाकीच्या झाकणातून ही ओल वर्षानुवर्षे आत झिरपत राहते. एकीकडे खाडी आणि वर्षातले चार महिने पाऊस अशा ठाण्यात तर तिला तोटाच नाही. डॉट ३ च्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की मानकाप्रमाणे तो १४० अंश असला तरी पुरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर चाकातला ब्रेकचा ड्रम आणि त्याला घासणारे लायनर तापतात, ती उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत (द्रवाच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणाऱ्या चाकातल्या नळकांड्यापर्यंत) पोहोचते आणि आतल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात खर्च होतो आणि चाकापर्यंत काही पोहोचत नाही. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि दोष जागच्या जागी लपतो. सपाट रस्त्यावर घेतलेल्या चाचणीत तो सापडणार कसा?

पुढच्याच आठवड्यात मी आणि माझ्या मुलाने इमारतीच्या आवारात गाडी स्टँडवर घेऊन स्वतः ब्रेकची हवा काढली, म्हणजे नळ्यांतले जुने द्रव आणि त्यातली हवा चाकांपाशी बाहेर काढून नवे द्रव भरले. मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या दाबाने द्रव चारही चाकांकडे ढकलणाऱ्या मुख्य नळकांड्यापासून) सर्वांत लांब असलेल्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. तिथले निपल (द्रव बाहेर काढण्याचा छोटा पोकळ स्क्रू) इतके गंजले होते की आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे लागले. उघड्या पान्याने जोर केला असता तर ते नक्कीच तुटले असते, म्हणून रिंग पाना लावला. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक काचेच्या बरणीत, थोड्या ताज्या द्रवात बुडवले. मी चाकाशी बसलो होतो, मुलगा पेडलवर. ‘दाब’, ‘धरून ठेव’, मग मी निपल अर्धा फेरा सैल करायचे, पुन्हा आवळायचे आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणायचे. हा क्रम चुकला तर निघालेली हवा उलट आत जाते. पहिल्याच दाबाला नळीतून जे आले, ते कोऱ्या चहाच्या रंगाचे, गढूळ आणि तळाशी काळा गाळ असलेले होते. वर टाकीत मध आणि खाली नळ्यांत हा चहा! म्हणजे गॅरेजमध्ये टाकीतले जुने द्रव पिचकारीने ओढून तेवढेच नवे भरले होते आणि चारही चाकांच्या नळ्यांना कोणी हात लावला नव्हता. नळीत नितळ द्रव दिसेपर्यंत बरणी तीनदा रिकामी करावी लागली. नंतर मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी चालकाच्या बाजूचे चाक, असे करता करता दुपार झाली.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक काळजी मिस्त्री क्वचितच घेतात, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये. खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. नेहमीच्या वापरात मास्टर सिलिंडरचा वायसर (आतली रबरी चकती) जिथपर्यंत जात नाही, त्या भागात गंजाचे खडबडीत कण साचलेले असतात आणि पूर्ण दाबाला वायसर त्यांवरून घासून फाटतो. ब्रेक सुधारायला बसावे आणि मास्टर सिलिंडर निकामी करून उठावे, असे अशाने होते. टाकीत इंजिन ऑइल किंवा दुसरे कुठलेही खनिज तेल चुकूनही घालू नये, कारण त्याने रबर फुगते आणि मग सगळी किटे (रबरी भागांचे संच) बदलावी लागतात. ‘ऑइल’ या नावानेच हा घोटाळा होतो असे माझे मत आहे. सिलिकॉनचे डॉट ५ हे डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही, म्हणून तेही त्यांत घालू नये. डबा फोडून महिनोन्‌महिने कपाटात ठेवलेले द्रवही वापरू नये. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर तिथला रंग उठतो. काढलेले द्रव गटारात ओतू नये हेही सांगावे लागते, कारण आपली गटारे अखेर खाडीलाच मिळतात.

माझ्या दोन मागण्या आहेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या तपासणीत ब्रेक लागतो की नाही हे पाहिले जाते, पण ब्रेकच्या द्रवात पाणी किती आहे हे पाहिले जात नाही. त्यासाठीचे पेनाएवढे उपकरण बाजारात मिळते. ते अगदी अचूक नसले तरी माझ्या बरणीतल्यासारखे द्रव त्याने नक्की पकडले असते. परिवहन विभागाने निदान १५ वर्षांवरील गाड्यांसाठी ही तपासणी सक्तीची करावी. दुसरी मागणी गॅरेजवाल्यांकडे आहे: ‘बदलले’ हा शब्द बिलावर लिहायचा असेल तर चारही चाकांतून द्रव काढलेले असावे आणि ते ग्राहकाला बरणीत दाखवावे. केवळ भर घातली असेल तर बिलावर तसेच लिहावे. दर दोन वर्षांनी हे काम करून घेण्याची जबाबदारी अर्थातच गाडीच्या मालकाची आहे आणि ती मी अनेक वर्षे पार पाडली नव्हती, हे मला मान्य आहे.

पुरवणीत जुन्या गाड्यांवर पुन्हा लिहिणार असाल, तर गाडीच्या मालकाला त्याने ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले आणि कोणत्या चाकापासून सुरुवात केली, हे आपल्या प्रतिनिधीने जरूर विचारावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)