डोळे मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी आपल्या पुरवणीत ‘मूर्ती निवडताना’ अशी एक चौकट आली होती. त्यातला तिसरा मुद्दा असा : ‘दोन्ही डोळे तंतोतंत सारखे आहेत ना, तपासून घ्या.’ मी पेण तालुक्यात गेली ३४ वर्षं गणपतीचे डोळे आखते. तेव्हा लिहायला सवड नव्हती, दिवसाला चाळीस-पन्नास मूर्ती हाताखालून जात होत्या. आता कारखान्यातल्या फळ्या रिकाम्या झाल्यात, म्हणून बसले लिहायला.

शाडूची माती आमच्याकडे गुजरातेतून, भावनगरकडून येते. ती मळायची, साच्यात दाबायची, पुढची-मागची बाजू जोडायची, हात लावायचे आणि सावलीत सुकायला ठेवायची. गोम इथेच आहे. माती सुकताना आकसते, पण सगळीकडून सारखी आकसत नाही. दाराकडचा गाल वाऱ्याने आधी सुकतो, भिंतीकडचा दमटच राहतो. त्यात आमचा कोकणातला पाऊस! जुलैत कधी कधी दिवे लावून मूर्ती शेकाव्या लागतात, मग दिव्याकडची बाजू पुढे पळते. पुढे पाण्याचा ब्रश फिरवून मूर्ती गुळगुळीत करायची, मग पांढऱ्या रंगाचा हात, अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी, आणि सगळ्यात शेवटी डोळे. म्हणजे माझ्यासमोर येतो तो चेहरा मुळातच दोन्हीकडून एकसारखा नसतो. त्या चेहऱ्यावर पट्टीने मोजून सारखे डोळे काढले, तर देव चकणा दिसतो. खोटं वाटत असेल त्यांनी मे महिन्यात यावं, काढून दाखवीन.

आखणीला मी सकाळी बसते, दाराजवळ. झिरो नंबरचा ब्रश, काळा रंग दुधाच्या सायीपेक्षा पातळ. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, मध्ये श्वास सोडला की रेघ थरथरते. माझ्या डाव्या हाताकडचा डोळा आधी, तो हाताच्या वळणाने येतो. उजवीकडचा उलट्या वळणाचा, मनगट आडवं येतं. पहिला डोळा जसा उतरेल तसा उतरतो. दुसऱ्याला मात्र पहिल्याचं ऐकावं लागतं. पहिला जरा मोठा झाला असेल तर दुसऱ्याची बाहुली केसभर आत घ्यायची, म्हणजे नजर जुळते. सासूबाईंनी मला हे तोंडाने कधी शिकवलं नाही. त्या आखून झालं की मूर्ती हातभर लांब धरायच्या, मान कलती करून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘हां, बघितलंन माझ्याकडे.’ तेवढं झालं की मूर्ती फळीवर. नाही झालं तर ओल्या फडक्याने पुसून परत.

हाताचं काम आहे म्हणून काहीही खपवून घ्या, असं माझं म्हणणं नाही. हल्ली तेही फार बोकाळलंय. मूर्ती पाटावर डुगडुगत असेल, पाठीमागची भेग नुसता रंग मारून झाकली असेल, मनगटाला तडा असेल, तर खुशाल परत करा. खंडित मूर्ती पुजू नये म्हणतात ते उगाच नाही. पण खंडित होणं वेगळं आणि दोन डोळ्यांत केसाचा फरक असणं वेगळं.

यंदा एक गृहस्थ १२ इंची मूर्ती घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आले. मोबाइलमध्ये मूर्तीचा फोटो, त्यावर लाल रेघा मारलेल्या. म्हणाले, ‘काकू, डावा डोळा दोन मिलिमीटर खाली आहे.’ माणूस भला होता, आवाजही चढवला नाही. भाऊजींनी वाद न घालता दुसरी मूर्ती दिली. तिचे डोळेही मीच काढले होते. तिच्यावर रेघा मारल्या नाहीत एवढंच.

मला राग नाही आला, पण दिवसभर एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. हेच गृहस्थ चतुर्थीला सोवळं नेसून पूजा करणार आणि शेवटी गुरुजींच्या मागून म्हणणार : ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’. म्हणजे मंत्र चुकले, क्रिया चुकली, भक्तीही कमी पडली असेल, तरी देवा, तूच ही पूजा पुरी करून घे. आपली दर पूजा अशी कबुली देऊन संपते. स्वतःसाठी एवढी सूट मागायची आणि माझ्या मनगटाला मिलिमीटरचीही नाही?

बरं, तो देव तरी कोण? संकटनाशन स्तोत्रात त्याची बारा नावं आहेत. पहिलं वक्रतुंड, दुसरं एकदंत. वाकड्या सोंडेचा आणि एका दाताचा, अशी त्याची ओळख सुरू होते. (काही वर्षांपूर्वी एक मुलगा खरंच म्हणाला होता, ‘मावशी, याचा एक दात तुटलाय, बदलून द्या.’ अख्खा कारखाना हसला. मग मीच त्याला दात का तुटका ते सांगितलं. कुणी परशुरामाची गोष्ट सांगतं, कुणी महाभारत लिहिण्याची. मी दोन्ही सांगितल्या.)

ती परत आलेली मूर्ती भाऊजी पुन्हा विकायला ठेवणार होते. मी म्हटलं, राहू दे, यंदा आपल्याकडे हीच बसवू. नातीने जास्वंद वाहिली. आरतीच्या वेळी मी मुद्दाम उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. दोन मिलिमीटर असतील, नाही म्हणत नाही. दीड दिवसाने अंगणात बादलीत विसर्जन केलं. दुसऱ्या दिवशी माती तळाला बसली होती आणि वर सोनेरी रंगाचा पातळ तवंग होता. नातीने त्यात डोळे शोधले. कुठले सापडायला!

माती जास्वंदीच्या बुडाशी घातली. आपल्याला एकच विनंती : पुढच्या वर्षी चौकट छापाल तेव्हा तिसरा मुद्दा बदला. ‘मूर्ती उचलून बघा, खालून ओली नाही ना’ असं लिहा. ती तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नाही, आणि पाटावरून घरी नेताना मूर्ती तडकते ती बहुतेक त्यामुळेच.

आपली,
एक आखणीवाली, पेण तालुका (रायगड)